विजेच्या इंजिनिअरीचा जमाखर्च

(दहावी-बारावीच्या निकालानंतर एका बाजारगांवीं भरलेल्या पालकसभेंत झालेलें भाषण)



निकाल लागले, पेढे वांटून झाले, आणि आतां घरोघर एकच खल चालला आहे कीं, पोराला घालावयाचें कोठें? मला येथें बोलाविलें आहे तें विजेच्या इंजिनिअरीविषयीं चार शब्द सांगण्यासाठीं. मी तिची स्तुति करावयास आलों नाहीं, निंदा करावयासही आलों नाहीं. मी हिशेब मांडावयास आलों आहें.

लाखाची बैलजोडी घ्यावयाची तर आपण काय करतों? दांत पाहतों, खूर पाहतों, जू घालून चालवून पाहतों, चार बाजार फिरतों आणि मग रुमालाखालीं बोटें धरतों. आणि आठ लाखांची इंजिनिअरी घेतांना? पाव्हण्याचा पोरगा गेला म्हणून आमचाही गेला! कोणत्या शाखेला गेला, हें बापाला पुरतें सांगतां येत नाहीं. गड्याहो, हा व्यवहार आहे, आणि व्यवहारांत डोळे उघडे ठेविल्यानें विद्येचा अपमान होत नाहीं.

कोणी म्हणेल, "मास्तर, शिक्षणाचा कसला नफा-तोटा पाहतां? जोतीरावांनीं असें शिकविलें काय?" होय, असेंच शिकविलें. जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. पैचा हिशेब त्यांना कळत होता. 1883 सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्यें त्यांनीं कुणब्याच्या घरचा खर्च, सारा, पट्ट्या, व्याज हें सारें उघडें करून दाखविलें, आणि पाटबंधारे खात्याच्या इंजिनिअरांचाही समाचार घेतला. कां, तर पाण्याची पट्टी घेतली जाते आणि पाणी वेळेवर शेतांत पोंचत नाहीं. छत्रपति शाहू महाराज 1894 सालीं गादीवर बसले तेव्हां करवीर दरबारच्या 71 मोठ्या जागांपैकीं 60 जागा ब्राह्मणांकडे होत्या. 1902 सालीं महाराजांनीं निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेविल्या, हें सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच्या आधींच, 1901 सालीं, त्यांनीं वसतिगृह काढलें, हें फार थोडे सांगतात. आधीं वसतिगृह, मागाहून राखीव जागा! मला यांत मोठा व्यवहार दिसतो. खेड्यांतल्या पोराच्या शिक्षणाचा खरा खर्च फीच्या पावतीवर नसतो, तो त्याच्या पोटांत असतो.

म्हणून आतां पाटी घ्या. मी जे आंकडे सांगतों ते नमुन्याचे आहेत, ब्रह्मवाक्य नव्हे. तुमच्या कॉलेजाचे खरे आंकडे त्यांच्या जागीं घाला.

समजा, मुलगा बारावी झाला आणि खाजगी कॉलेजांत विजेच्या शाखेला चार वर्षांसाठीं गेला. वर्षाची फी एक लाख धरा. खोली व खाणावळ महिना आठ हजार, दहा महिन्यांचे ऐंशी हजार. पुस्तकें, परीक्षा, येणेंजाणें, कपडा असे दहा हजार. वर्षाचे झाले एक लाख नव्वद हजार. चार वर्षांचे सात लाख साठ हजार. त्यांत चाळीस हजारांचा लॅपटॉप मिळवा. आठ लाख रुपये! यांत फी निम्मी आहे आणि बाकी निम्में पोटाचें व संसाराचें आहे. संस्थेच्या माहितीपत्रकांत हें दुसरें निम्में छापलेलें नसतें.

येथवर बहुतेक बाप येतात. पुढचा आंकडा कोणी मांडीत नाहीं. दहावीनंतर आयटीआयमध्यें इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा कोर्स दोन वर्षांचा. त्यावर एक वर्ष उमेदवारी. म्हणजे एकोणिसाव्या वर्षीं तें पोर मिळवतें झालें. इंजिनिअर बाविसाव्या वर्षीं बाहेर पडणार. मधल्या तीन वर्षांत महिना बारा हजारांनीं चार लाख बत्तीस हजार रुपये घरांत आले असते, ते आले नाहींत. न आलेला पैसा हाही खर्चच आहे. कांदा चाळींत सडला तर खिशांतून नोट जात नाहीं, म्हणून तोटा झाला नाहीं काय? आठ लाख अधिक चार लाख बत्तीस हजार, झाले बारा लाख बत्तीस हजार.

आतां जमेची बाजू. इंजिनिअर होऊन पोरगा चाकणला किंवा वाळूजला कारखान्यांत लागला. पहिला पगार वीस हजार धरा. तोंवर आयटीआयवाला पंधरा हजारांवर आलेला असेल. फरक महिना पांच हजार, वर्षाचे साठ हजार. हा फरक असाच राहिला तर बारा लाख बत्तीस हजार भरून निघावयास वीस वर्षांहून अधिक लागतील. तोंवर त्या इंजिनिअराच्या पोराचा कॉलेजांत जाण्याचा वकूब येईल! पण तोच मुलगा खरोखर शिकला, चार-पांच वर्षांत वर चढला आणि फरक महिना वीस हजारांचा झाला, तर वर्षाचे दोन लाख चाळीस हजार झाले आणि त्यापुढें पांच-सहा वर्षांत सारें वसूल. पदवी तीच, कॉलेज तेंच, पण एका घरांत ती दुभती म्हैस होते आणि दुसऱ्या घरांत भाकड. फरक पडतो तो खर्च किती केला आणि पोरगा काय शिकला, या दोन गोष्टींनीं. तिसरी गोष्ट नशीब; तिच्यावर मला बोलावयाचें नाहीं.

आतां कर्जाकडे या. शिक्षणकर्ज चार लाखांपर्यंत असेल तर बँका साधारणपणें तारण मागत नाहींत, आणि कॉलेज संपल्यावर एक वर्षापर्यंत हप्ता सुरू होत नाहीं. यामुळें आपल्याला वाटतें कीं कर्ज झोंपलेलें आहे. कर्ज झोंपत नाहीं! दर वर्षीं एक लाख असे चार लाख उचलले आणि व्याज दहा टक्के सरळ धरलें, तर पहिल्या लाखावर पांच वर्षांचे पन्नास हजार, दुसऱ्यावर चाळीस, तिसऱ्यावर तीस, चौथ्यावर वीस. हप्ता सुरू होण्याच्या दिवशीं चार लाखांचे पांच लाख चाळीस हजार झालेले असतात. दहा वर्षांत फेडावयाचे तर महिन्याला सात हजार शंभरच्या वर हप्ता. वीस हजारांच्या पगारांतून हा हप्ता गेला, खोली-खाणावळीचे नऊ हजार गेले, उरले चार हजारांच्या आंत. आणि गांवांत आई सांगते, "आमचा बाळ्या साहेब झाला, आतां घर बांधणार." त्या पोरानें घराकडे फोन करणें कां सोडलें, तें या वजाबाकींत पाहा.

यावर उपाय नाहीं काय? आहे, आणि तो आपल्या लोकांना ठाऊक असून त्याची त्यांना लाज वाटते. तो म्हणजे दहावीनंतरचें तंत्रनिकेतन, तीन वर्षांची पदविका. सोळाव्या वर्षीं गेला, एकोणिसाव्या वर्षीं बाहेर. पदविका झाली कीं इंजिनिअरीच्या एकदम दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. उरलीं तीन वर्षें, म्हणजे बाविसाव्या वर्षीं पदवी. बारावीवालाही बाविसाव्या वर्षींच होतो! एक दिवसही वायां गेला नाहीं. उलट खाजगी कॉलेजाच्या चारऐवजीं तीन वर्षांचा खर्च पडला, म्हणजे आपल्या नमुन्याच्या हिशेबानें एक लाख नव्वद हजार वांचले. आणि शासकीय तंत्रनिकेतनाची फी खाजगी कॉलेजाच्या मानानें अगदीं थोडी. बारावीच्या क्लासवाल्याचे पैसे वांचले ते निराळेच.

पण पैशापेक्षां मोठी गोष्ट निराळी आहे. पायऱ्यांची विहीर असते तीत मनुष्य मध्यें टेकूं शकतो. पदविकेची वाट तशी आहे. एकोणिसाव्या वर्षीं बाप आजारी पडला, पाऊस गेला, बहिणीचें लग्न निघालें, तरी हातांत कागद आहे. कनिष्ठ अभियंत्याच्या जागेला अर्ज करतां येतो, कारखान्यांत लागतां येतें, आणि पुढें सवडीनें पदवी घेतां येते. बारावीची वाट ही काठावरून उडी आहे. दुसऱ्या वर्षांत गणिताला अडकला, वर्ष गेलें, पैसा संपला, तर हातीं काय? बारावीचें प्रमाणपत्र आणि डोक्यावर दोन वर्षांचें कर्ज. पैसेवाल्याच्या पोराला ही उडी परवडते, कारण त्याच्या खालीं गादी घातलेली असते.

दुसरी बाजूही सांगतों. पदविकेवाल्यांचें गणित कच्चें राहतें आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षांत त्यांची दमछाक होते, हें खरें आहे. त्यासाठीं पदविकेच्या शेवटच्या वर्षापासूनच कलन आणि समीकरणें यांची उजळणी ठेवली पाहिजे. आणि ज्या पोराला अजून ठरलेलेंच नाहीं कीं डॉक्टर व्हावें, शेतकी शिकावी कीं मास्तर व्हावें, त्याला पंधराव्या वर्षीं विजेला बांधूं नका. त्याला बारावीच बरी.

आतां सवलतींकडे येऊं, कारण आपले लोक जागेसाठीं पांच लाख देतील, पण दाखल्यासाठीं पांच खेपा घालावयास कंटाळतील. घरचें उत्पन्न आठ लाखांच्या आंत असेल आणि प्रवेश सरकारी फेरींतून झाला असेल, तर इतर मागासवर्गाच्या मुलाला शिक्षणशुल्कांत निम्मी सूट मिळते. खुल्या वर्गांतल्या मुलालाही राजर्षि शाहू महाराजांच्या नांवानें चालणाऱ्या योजनेंत निम्मी मिळते. अनुसूचित जातिजमातींच्या मुलांसाठीं भारत सरकारची शिष्यवृत्ति आहे. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आणि नोंदणी झालेल्या मजुराच्या पोरासाठीं डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नांवाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. शिवाय प्रत्येक शाखेंत पांच टक्के जादा जागा अशा असतात कीं, त्यांत शिक्षणशुल्क अजिबात नाहीं. त्या गुणांवर मिळतात. मात्र हें सारें मिळावयाचें तें रांगेतल्या प्रवेशाला. व्यवस्थापनाच्या कोट्यांतून मागच्या दारानें गेलांत कीं यांतलें बहुतेक हातचें गेलें.

आणि एक गोष्ट मी या सभेंतल्या बायांना मुद्दाम सांगतों. 2024 सालीं सरकारनें ठराव केला कीं, इतर मागासवर्ग, आर्थिक दृष्ट्या दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग यांतील आठ लाखांच्या आंतल्या घरच्या मुलींना, सरकारी फेरींतून प्रवेश झाला असेल तर, इंजिनिअरीसारख्या व्यवसायशिक्षणाचें शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ. खाजगी कॉलेजांतही! म्हणजे आपल्या आठ लाखांच्या हिशेबांतले चार लाख मुलीच्या नांवापुढें खोडूनच टाका. आतां आपल्या घरांत काय चालतें तें पाहा. मुलाला पंचावन्न टक्के, त्याच्यासाठीं पांच लाख देऊन कोट्यांतली जागा. मुलीला पंचाऐंशी टक्के, तिच्यासाठीं तेच पांच लाख हुंडा-मांडवाचे राखून ठेवावयाचे! फी माफ असलेली हुशार मुलगी घरीं बसवावयाची आणि फी भरून अभ्यास न करणारा मुलगा शहरांत ठेवावयाचा, असा हिशेब कोणत्या वाण्यानें केला असता? सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतांना तरी आपली मान खालीं गेली पाहिजे. आणि इंजिनिअर मुलाचा हुंडा जमेच्या बाजूस धरणारे कांहीं महाभाग आहेत. त्यांनीं माझ्यापुढें पाटी धरूं नये.

मागच्या दाराविषयीं थोडें स्पष्ट बोलतों. 1983 सालापासून महाराष्ट्रांत विनाअनुदान इंजिनिअरी कॉलेजें निघालीं. त्यांतून खेड्यांतलीं हजारों पोरें शिकलीं, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. पण दुसरें सत्यही तितकेंच मोठें आहे. पूर्वी दक्षिणा घेणारा भटजी परका होता, म्हणून त्याच्यावर आसूड ओढणें सोपें गेलें. आज देणगी मागणारा संस्थाचालक पुष्कळदां आपल्याच जातीचा, आपल्याच तालुक्याचा, आपल्याच मतांवर निवडून आलेला असतो, आणि त्याच्या सभेला आपणच ट्रॅक्टर भरभरून जातों. देणगी घेणें हा 1987 च्या कायद्यानें गुन्हा आहे. विनाअनुदान कॉलेजांची फी ठरविण्यास सरकारनें शुल्क नियामक प्राधिकरण नेमलें आहे. ठरलेल्या फीपेक्षां जास्त मागितली तर पावती मागा. पावती मागितल्यावर ज्याचा चेहरा बदलतो, त्याच्याकडे आपलें पोर ठेवूं नका, मग तो तुमचा पाव्हणा कां असेना.

कॉलेज पाहावयाचें कसें? हमरस्त्यावर फलक असतो; एका पोराचा फोटो आणि खालीं मोठा आंकडा, अमुक लाखांचें पॅकेज. बाजारांत एक मोठा कलिंगड वर ठेवून ढीग विकतात, तसाच हा प्रकार. तुम्ही त्या वर्गांतल्या मधल्या पोराचा पगार विचारा. विजेच्या शाखेंतून किती लागले, तें विचारा. संगणकाच्या शाखेचा आंकडा विजेच्या गळ्यांत घालूं देऊं नका. मागच्या दोन वर्षांत उत्तीर्ण झालेलीं आपल्या भागांतलीं पांच पोरें गांठा. आणि प्रयोगशाळेंत जाऊन पाहा. यंत्रावर धूळ असेल तर पोराच्या डोक्यांतही तीच भरणार.

आतां एक आक्षेप मीच माझ्यावर घेतों. इतका हिशेब सांगून मी कुणब्या-कारागिरांच्या पोरांना खांबावरच ठेवूं पाहतों काय? नाहीं. वीज ही आपल्यासाठीं परकी विद्या नव्हे. 1915 सालीं खोपोलीला पाण्यावर वीज निघूं लागली. तिच्यामागून मुळशीचें धरण आलें आणि आपल्या जमिनी वांचविण्यासाठीं मावळ्यांनीं 1921 पासून सत्याग्रह केला. कोयनेच्या विजेसाठीं पाटण-जावळीकडचीं गांवेंच्या गांवें पाण्याखालीं गेलीं. जमीन आमची गेली, तारा आमच्या शेतांवरून गेल्या, आणि आमच्या विहिरीवर थ्री-फेज वीज वर्षानुवर्षें रात्रीच्या पाळीनें आली. काळोखांत विंचू-काटा चुकवीत मोटार चालू करावयास गेलेल्या बापाचा मुलगा, कोणत्या फीडरला केव्हां वीज द्यावयाची हें ठरविणाऱ्या खुर्चीवर बसला पाहिजे, असें मला मनापासून वाटतें.

खांबावरचीही गोष्ट ऐका. लाईन बंद आहे असें सांगून माणूस वर चढवितात. कोणाच्या तरी जनरेटरमधून उलट वीज येते, किंवा दुसऱ्या फीडरची तार वरून गेलेली असते, आणि माणूस तेथेंच चिकटतो. चढणारा आपला, पुष्कळदां कंत्राटावरचा. परवानगीवर सही करणारा दुसरा. हातमोजे दिले कीं नाहीं, तारेला अर्थिंगचा दांडा लावल्याशिवाय चढूं दिलें कीं काय, हें सही करणाऱ्यानें पाहावयाचें असतें. त्या सहीच्या जागीं खांबावर चढलेल्या माणसाचा भाऊ असेल, तर तो दोनदां पाहील. येवढ्यासाठीं तरी आपल्या हुशार पोरांनीं पदवी घेतली पाहिजे. फक्त ती घेतांना घराखालची जमीन जातां कामा नये.

म्हणून माझें मत येवढेंच कीं, ज्याला गुणांवर सरकारी कॉलेज किंवा फीमाफीची जागा मिळते, त्यानें डोळे झांकून जावें. त्याच्यासाठीं गांवानें वर्गणी केली तरी ती सत्कारणीं लागेल. ज्याला साधारण गुण आहेत पण हात चालतो, त्यानें पदविकेच्या पायऱ्यांनीं उतरावें. आणि ज्याचें पुस्तकांत मन नाहीं, पण जळलेली मोटार उघडून बसतो, त्याला आयटीआयला घाला आणि त्यांत कमीपणा मानूं नका. महावितरणनें 2023 सालीं विद्युत सहाय्यकाच्या 5,347 जागा काढल्या, त्या आयटीआयवाल्यांच्याच होत्या. पहिलीं तीन वर्षें पंधरा, सोळा, सतरा हजार असें मानधन. ज्या सुतार-लोहाराच्या घरांत पिढीजात हाताची विद्या आहे, त्याच्या पोरानें वाइंडिंगचें दुकान घातलें, वायरमनचा परवाना काढला, घरावरच्या सौर पट्ट्या बसविण्याचें काम शिकून घेतलें, तर तो कोणाचा चाकर नाहीं. एका हंगामांत किती पंप जळतात, तें तुम्ही मला काय सांगतां!

जमीन विकून, सोनें मोडून, कोट्यांतली जागा घेणें, या एका गोष्टीला मात्र माझी साफ मनाई आहे. जमीन गेली ती परत येत नाहीं. पोरगा एक वर्ष थांबून पदविकेला गेला तर कांहीं बिघडत नाहीं.

आतां माझें बोलणें पुरे. ज्यांना आपल्या घरचा हिशेब मांडून पाहावयाचा असेल, त्यांनीं गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि कॉलेजाचें फीपत्रक घेऊन या ओट्यावर यावें. नॉन-क्रिमिलेअरची मुदत संपली असेल तर आजच तलाठ्याकडे निघा, कारण प्रवेशाची तारीख तुमच्यासाठीं थांबणार नाहीं. मी शेवटच्या एस. टी. पर्यंत येथेंच आहें.